अर्ध्या युनिटचा हिशोब: लहान मुलाला इन्सुलिन देताना

टाइप वन डायबेटिस नुकताच कळलेल्या घरात पहिला प्रश्न सुईचा असतो. एवढ्याशा पोराला दिवसातून चार-पाच वेळा टोचायचं, त्याला सहन कसं होणार? खरं सांगू का, सुई हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. इन्सुलिन देण्याच्या पेनाची नीडल आता 4 मिलिमीटर लांब आणि 32 गेजची मिळते, म्हणजे जाडी पाव मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि काही आठवड्यांत मूलही सरावतं आणि आपले हात थरथरायचेही थांबतात. अवघड जातं ते वेगळंच. तीन-चार वर्षांच्या मुलाला किती युनिट द्यायचं, कधी द्यायचं, आणि दिल्यावर त्याने ताटातलं अर्धं तसंच टाकून पळ काढला तर काय करायचं. मोठ्या माणसांच्या डायबेटिसवर मराठीत ढीगभर लिहिलेलं सापडतं पण त्यातलं निम्मं आपल्या पोरांना लागूच होत नाही, म्हणून हे लिहितेय. माझा मुलगा टाइप वन आहे, आम्ही ऐरोलीला राहतो, आणि ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या बऱ्याच आईबाबांशी या विषयावर बोलणं होत असतं. मी डॉक्टर नाही. खाली जे आकडे येतील ते गोष्ट समजावी म्हणून आहेत, तुमच्या मुलाचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवणार.

आधी हे की गोड खाल्ल्याने झालेलं नाही

घरात कोणीतरी म्हणतंच, "चॉकलेटं फार देत होतात ना त्याला." किंवा आईच्या गरोदरपणातल्या डोहाळ्यांपर्यंत विषय जातो. ते सोडून द्या. टाइप वनमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर उलटते आणि त्या हळूहळू संपवते, आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी फक्त त्याच. म्हाताऱ्या काकांना असतो तो टाइप टू वेगळा, त्यांचं शरीर इन्सुलिन बनवतं पण त्याचा परिणाम नीट होत नाही, म्हणून त्यांचं बऱ्याचदा गोळ्या, चालणं, भात कमी यावर भागतं. आपल्या पोराकडे इन्सुलिनच नाही, त्यामुळे बाहेरून द्यावं लागतं. आणि ते प्रोटीन असल्याने गोळी करून गिळलं तर पोटात पचून जातं, म्हणून सुई.

इन्सुलिन नसलं की जेवणातली साखर रक्तातच फिरत राहते, पेशी उपाशीच. किडनी ती जास्तीची साखर लघवीतून टाकते, तिच्यासोबत पाणी जातं, म्हणून ती न संपणारी तहान, आणि सुटलेली सवय परत लागल्यासारखं अंथरूण ओलं करणं, आणि खाऊनपिऊन वजन उतरणं. शरीर मग चरबी जाळायला लागतं आणि त्यातून कीटोन तयार होतात, ते साठले की रक्त आम्लधर्मी होतं. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, हे सगळं म्हणजे डीकेए (डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस), आणि तिथून थेट हॉस्पिटल. बऱ्याच मुलांचं निदानच तिथे होतं कारण आधीची तहान-लघवी "उन्हाळा आहे" म्हणून सोडून दिलेली असते.

1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याच्या आधी या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवून घेणं एवढाच उपचार होता. हे इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पेटंट टोरांटो युनिव्हर्सिटीला प्रत्येकी एक डॉलरला देऊन टाकलं. आपण रोज कंटाळून जे पेन उघडतो त्यामागे हे आहे, असो.

आता एक गोष्ट जरा थांबून वाचा, कारण इथे लोक फसतात. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बऱ्याच मुलांची गरज एकदम कमी होते, कधी कधी तर अगदी थेंबभर डोसवर शुगर छान राहते. याला डॉक्टर हनीमून फेज म्हणतात. उरलेल्या थोड्या बीटा पेशींना आराम मिळाला की त्या परत जरा काम करतात, तेवढंच. पण नेमकं याच काळात कोणाच्या तरी ओळखीतून चूर्ण आलेलं असतं, किंवा कर्जतजवळचा कोणी वैद्य, किंवा कारल्या-जांभळाच्या बियांची पावडर, आणि शुगर चांगली दिसली की सगळं श्रेय त्या पावडरीला जातं आणि पुढची पायरी म्हणजे "आता सुई बंद करून बघू". टाइप वनमध्ये इन्सुलिन बंद केलं की डीकेए व्हायला फार वेळ लागत नाही, तासांचा, फार तर दिवसांचा प्रश्न असतो, आणि त्यात मुलं जातात. हनीमून काही महिने चालतो, कोणाचा थोडा जास्त, आणि मग संपतो. पावडर द्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून द्या, पण सुई थांबवायची नाही. सासूबाई रागावल्या तरी चालतील, "अहो आई, डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणायचं आणि विषय बदलायचा.

दोन इन्सुलिन का?

शरीराला इन्सुलिन दोन कामांसाठी लागतं. एक म्हणजे काही खाल्लं नाही तरी, झोपेतसुद्धा, लिव्हर थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं, तिच्यासाठी. हे बेसल. दुसरं खाण्यासाठी, ते बोलस. म्हणून बहुतेक मुलांकडे दोन पेनं असतात. एक लांब पल्ल्याचं, ग्लार्जिन किंवा डेग्लुडेक, दिवसातून एकदा, शक्यतो रोज त्याच वेळेला. दुसरं झटपट काम करणारं, अ‍ॅस्पार्ट किंवा लिस्प्रो, प्रत्येक जेवणाला. हे झटपटवालं टोचल्यावर साधारण 10 ते 20 मिनिटांत सुरू होतं, तास-दोन तासांत सगळ्यात जोरात असतं आणि 3 ते 5 तासांत ओसरतं. साधं रेग्युलर इन्सुलिन, जे सरकारी दवाखान्यात मिळतं आणि स्वस्त असतं, ते अर्ध्या तासाने सुरू होतं आणि 5 ते 8 तास रेंगाळतं, म्हणून ते जेवणाच्या अर्धा तास आधी द्यावं लागतं. दुधाळ दिसणारं एनपीएच हे मध्यम पल्ल्याचं, बारा तास किंवा थोडं जास्त पुरतं पण मध्येच कधीतरी जोर धरतं, त्यामुळे ते घेणाऱ्या मुलाला डबा ठरल्या वेळी खावाच लागतो. ते एनपीएच देण्याआधी दोन्ही तळव्यांमध्ये दहा-वीस वेळा हलक्या हाताने फिरवून एकसारखं करायचं, खळाखळा हलवायचं नाही. एकाच सिरिंजमध्ये दोन्ही भरत असाल तर आधी स्वच्छ पाण्यासारखं रेग्युलर, मग दुधाळ. आणि ग्लार्जिन कशातच मिसळायचं नसतं.

या वेळा पाठ झाल्या की अर्ध्या भानगडी सुटतात. जेवणानंतर तासाभराने शुगर 260 दिसली म्हणून घाबरून परत एक डोस, मग अजून अर्ध्या तासाने अजून एक, असं केलं की पहिल्या डोसचं काम अजून चालू असतानाच दुसरा वर चढतो आणि रात्री दहाला मूल 50 वर. मागचा डोस संपायला तीन-चार तास जाऊ द्यायचे, मगच दुरुस्तीचा, म्हणजे चढलेली शुगर उतरवायच्या जादा डोसचा विचार, तोही डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्याप्रमाणे.

एक युनिट म्हणजे किती मोठं

इथेच लहान मुलाचं सगळं वेगळं होतं. समजा चार वर्षांची मुलगी आहे, वजन 16 किलो. हनीमून संपल्यावर वयात येण्याआधीच्या मुलांना दिवसाचं एकूण इन्सुलिन साधारण किलोमागे 0.7 ते 1 युनिट लागतं, हनीमूनमध्ये अर्ध्यापेक्षाही कमी, आणि पुढे वयात येताना एकाच्या बऱ्याच वर. तर हिचं धरू दिवसाला 11 युनिट. त्यातलं साधारण एक तृतीयांश ते अर्धं बेसलला जातं आणि उरलेलं दिवसभराच्या खाण्यात वाटायचं. म्हणजे एका जेवणाला दीड-दोन युनिट, बस्स.

आता डॉक्टर दुरुस्तीसाठी एक ढोबळ नियम वापरतात, 1800 ला दिवसाच्या एकूण युनिटनी भागायचं. 1800 भागिले 11, म्हणजे जवळपास 160. एक युनिट जास्तीचं दिलं तर हिची शुगर 160 ने उतरू शकते! 180 वरून थेट 20, कागदावर तरी. हेच दिवसाला 60 युनिट घेणाऱ्या काकांना एक युनिट म्हणजे 30 चा फरक, त्यांना कळणारही नाही. म्हणून काकांचं जुनं पेन मुलाला चालत नाही, अर्ध्या युनिटची स्टेप असलेलं पेन मागायचं. मेडिकलवाल्याकडे तयार नसतं बऱ्याचदा, मागवून घ्यावं लागतं, पण त्यात तडजोड करू नका.

आणि अगदी बाळ असेल, जिथे पाव युनिटचाही फरक पडतो, तिथे डॉक्टर कधी कधी इन्सुलिन पातळ करून देतात, पण ते कंपनीच्या ठरलेल्या द्रावणाने आणि हॉस्पिटलच्या देखरेखीखाली. घरी सलाइन घालून असले प्रयोग नकोत.

खाण्याचं गणित पण असंच छोटं. एका युनिटला किती ग्रॅम कार्ब (कर्बोदकं), हे प्रमाण डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ काढून देतात. या मुलीसाठी ते 30-40 ग्रॅमच्या आसपास असू शकेल, आणि सकाळच्या नाश्त्याला बहुतेक लहान मुलांना जास्त इन्सुलिन लागतं, म्हणजे तेच एक युनिट नाश्त्याला कमी ग्रॅम सांभाळतं. घरातली छोटी पोळी साधारण 15 ग्रॅम कार्ब, 100 मिली दूध 5 ग्रॅम, ग्लुकोजचं छोटं बिस्कीट 4 च्या आसपास. वाटी म्हणाल तर प्रत्येक घरातली वाटी वेगळी, म्हणून एक डिजिटल वजनकाटा घ्या आणि आपल्या वाटीतला भात एकदा मोजून ठेवा. वरणात प्रोटीन आहे पण कार्बही आहेच, ते लोक विसरतात. आणि बटाटेवड्याचं गणित कोणालाच जमत नाही, तेलामुळे शुगर आत्ता नाही, तीन तासांनी चढते. गोखले रोडवर फिरताना पोराने वडा मागितला तर द्यायचा आणि नंतर शुगर बघायची, वडा नाकारून त्याचं बालपण मोजत बसू नका.

लाल टोपी, केशरी टोपी

हा भाग सिरिंज वापरणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे आणि पेनवाल्यांनीही वाचा, कारण पेन बिघडलं की सगळे सिरिंजकडेच धावतात. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या मुख्यतः 40 च्या ताकदीच्या मिळतात, म्हणजे एका मिलीत 40 युनिट. पेनातली कार्ट्रिज मात्र 100 ची, एका मिलीत 100 युनिट. आणि सिरिंजही दोन प्रकारच्या, 40 ची लाल टोपी, 100 ची केशरी टोपी. बाटली आणि सिरिंज एकाच आकड्याची हवी.

समजा रात्री पेन अडकलं, घरात लाल टोपीची सिरिंज आहे म्हणून कोणी कार्ट्रिजमधून तिने 4 च्या रेघेपर्यंत ओढलं. रेघ 4 ची, पण आत गेले 10 युनिट. अडीच पट! वरच्या मुलीला हे जिवावर बेतेल. उलटं झालं, 40 चं इन्सुलिन केशरी सिरिंजने 4 पर्यंत भरलं, तर आत जातात फक्त 1.6, मग शुगर चढत राहते आणि कोणाला कारण कळत नाही. केमिस्टला "इन्सुलिनची सिरिंज द्या" एवढंच सांगून चालत नाही, बाटलीचा आकडा दाखवून तीच मागायची, आणि घरात दुसऱ्या आकड्याची सिरिंज ठेवायचीच नाही.

टोचायचं कसं

नवी नीडल लावली की आधी दोन युनिट हवेत सोडून टोकाला थेंब येतोय का बघायचं. मोठ्यांना हे वेळखाऊ वाटतं पण दीड युनिटच्या डोसमध्ये कार्ट्रिजमधली हवा बरंच खाऊन टाकते. हवेचा बुडबुडा कातडीखाली गेला तर काही धोका नाही, फक्त तेवढं इन्सुलिन कमी गेलं. थेंब दिसला की डोस फिरवायचा, मोठ्याने बोलून, घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवून.

सहा वर्षांच्या आतल्या, किंवा अगदी सडपातळ मुलाची कातडी दोन बोटांत हलकी उचलायची, स्नायू नाही फक्त कातडी आणि तिच्याखालची चरबी, आणि 4 मिलिमीटरची नीडल सरळ आत. बटण पूर्ण दाबायचं, मग मनात दहा मोजायचे, मग बाहेर. दहा न मोजता काढलं की टोकाला थेंब लोंबतो, आणि आपल्या पोरांच्या बाबतीत तो थेंब म्हणजे डोसचा चांगला मोठा हिस्सा. थेंब बाहेर दिसला तर अंदाजाने परत टोचायचं नाही, नंतर शुगर बघत राहायची. नीडल वापरून झाली की लगेच काढायची, पेनाला लावून ठेवली की हवा आत जाते. फ्रिजमधलं थंडगार इन्सुलिन झोंबतं, चालू पेन बाहेरच असावं.

जागा म्हणजे पोट बेंबीपासून दोन बोटं सोडून, मांडीची पुढची-बाहेरची बाजू, ढुंगणाचा वरचा बाहेरचा भाग, आणि दंडाची मागची बाजू. लहान मुलाच्या दंडावर फार मांस नसतं, ढुंगण सगळ्यात सोयीचं, दिसत नाही म्हणून रडतही नाहीत. एकाच जागी रोज टोचलं की तिथे चरबीची मऊसर गाठ तयार होते, हाताला कणकेच्या गोळ्यासारखी लागते, आणि मुलांना ती जागा आवडते कारण तिथे दुखत नाही. पण गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही, कधी उशिरा एकदम. शुगर विनाकारण वरखाली व्हायला लागली की डोस बदलण्याआधी बोटं फिरवून गाठी शोधा. आज उजवी मांडी, उद्या डावी, आणि त्याच मांडीवर आधीच्या टोचण्यापासून बोटभर दूर. संध्याकाळी सायकल किंवा पळापळी असेल तर त्याआधीचा डोस मांडीत नको, पाय हलले की तिथलं इन्सुलिन भराभर शोषलं जातं.

मुलाशी काय बोलायचं? खोटं नाही बोलायचं. "नाही टोचणार" म्हणून मागून टोचलं की विश्वास गेला. टोचायचं की नाही हा पर्याय त्याला नाही, पण पोट की मांडी, आईने की बाबांनी, हे पर्याय आहेत, ते त्याला द्या. पोरं यात इतकी रमतात की आमच्या ओळखीतली एक चिमुरडी बाहुलीला आधी टोचल्याशिवाय स्वतः घेत नाही. आणि कृपा करून "जेवला नाहीस तर सुई देईन" हे कोणीही, अगदी लाडात आजोबांनीही म्हणायचं नाही. सुई ही शिक्षा झाली की पुढची पंधरा वर्षं रोज शिक्षाच.

जेवत नाही त्याचं काय

झटपटवालं इन्सुलिन जेवणाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी द्यावं हे बरोबरच आहे, जेवणानंतरची शुगर त्याने बरीच आटोक्यात राहते. पण तीन वर्षांचं मूल पोळीचे दोन घास खाऊन "नको" म्हणतं, आणि पूर्ण जेवणाचं इन्सुलिन तर आत गेलेलं असतं. मग मागे मागे पळत भरवायचं, रडारड, आणि पोराच्या लगेच लक्षात येतं की आपण तोंड मिटलं की सगळं घर हादरतं. दोन दिवसांत ते आईस्क्रीमवर सौदा करायला लागतं.

यावर डॉक्टरांशी बोलून दोन रस्ते असतात. जे नक्की खाणार, समजा अर्धी पोळी आणि दूध, तेवढ्याचाच डोस आधी द्यायचा आणि बाकी खाल्लं तर उरलेला नंतर. टोचणं एक वाढतं, पण जेवणाची मारामारी थांबते. किंवा फारच बेभरवशाचं खाणारं असेल तर जेवण झाल्या झाल्या, जेवढं खाल्लं तेवढ्याचंच द्यायचं. हे दुसरं फक्त झटपटवाल्या इन्सुलिनने जमतं, रेग्युलरने नाही, ते इतकं उशिरा चालू होतं की तोवर जेवण वर चढून बसलेलं असतं. जेवण अर्ध्या तासात आटोपायचं. मध्ये मध्ये दिवसभर चरत राहणारं मूल असेल तर ते बंद करावं लागतं, कारण प्रत्येक बिस्किटाला डोस देता येत नाही. याला घरात सगळ्यात जास्त विरोध आजीकडून होतो.

अजून एक रोजचं. "दिलंस का?" "मला वाटलं तू दिलंस." डोस दिला की नाही याची खात्री नसेल तर परत द्यायचा नाही, शुगर तपासत राहायची, आणि बेसलच्या बाबतीत शंका असेल तर डॉक्टरांना फोन. फ्रिजवर एक छोटा बोर्ड लावा, वेळ आणि युनिट, देणाऱ्याने लगेच लिहायचं. काही पेनांमध्ये शेवटचा डोस आणि त्याला किती तास झाले हे दिसतं, जोडीने नोकरी करणाऱ्या घरात ते पैसे वसूल.

शुगर लो झाली तर

70 च्या खाली म्हणजे लो. लहान मूल "मला चक्कर येतेय" असं सांगत नाही, ते चिडतं, रडतं, गप्प होतं, घामेजतं, पांढरं पडतं, किंवा खेळता खेळता कोपऱ्यात जाऊन बसतं. विनाकारण हट्ट वाटला की आधी बोट तपासा, मग ओरडा. तपासायला वेळ नसेल तर लो समजूनच चाला.

साखर लगेच द्यायची, पण मापात. मोठ्यांना 15 ग्रॅम सांगतात, ते या पोरांना जास्त होतं. लहानांना किलोमागे 0.3 ग्रॅम, म्हणजे 16 किलोच्या मुलीला साधारण 5 ग्रॅम ग्लुकोज, एक सपाट चमचा ग्लुकोज पावडर किंवा साखर थोड्या पाण्यात. पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, अजून लो असेल तर परत तेवढंच. चॉकलेट, पेढा, बर्फी नको, तुपा-दुधातल्या चरबीने साखर उशिरा शोषली जाते. आणि तपासण्याआधी हात पाण्याने धुवायचे, मे महिन्यात आंबा खाल्लेलं बोट 300 दाखवतं आणि खरी शुगर असते 65.

बेशुद्ध असेल, झटके येत असतील, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन किंवा सरळ जवळचं हॉस्पिटल. ग्लुकागॉनचं, म्हणजे रक्तातली साखर झटकन वाढवणारं इंजेक्शन अशा वेळी घरी देता येतं, 25 किलोच्या आतल्या मुलाला 0.5 मिलिग्रॅम, पण ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणून बरं असतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा. पार्कमध्ये संध्याकाळभर दंगा केला की त्या रात्री, अगदी पहाटेपर्यंत शुगर उतरू शकते, अशा दिवशी रात्री दोन-तीनला एकदा बघायचं. हातावर चिकटवलेला सेन्सर असेल तर तो कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो, आणि मूल त्याच हातावर झोपलं की शुगर लो असल्याचा खोटा अलार्म वाजवतो. आकडा आणि पोरगं जुळत नसेल तर बोट तपासायचं.

आजारपणात

मूल तापाने फणफणलंय, काही खात नाही, मग इन्सुलिन कशाला, हा विचार साहजिक आहे आणि तोच धोकादायक आहे. बेसल कधीच बंद करायचं नाही. तापात उलट शुगर चढते. जेवणाचा डोस खाण्याप्रमाणे कमी होईल, बेसलमध्ये बदल फक्त डॉक्टरांना विचारून. दर दोन-तीन तासांनी शुगर, आणि 250 च्या वर राहिली किंवा उलटी झाली तर कीटोन तपासायचे, लघवीच्या पट्टीने किंवा रक्ताच्या मीटरने. रक्तात 0.6 च्या खाली ठीक, 1.5 च्या वर गेले की लगेच डॉक्टर, 3 म्हणजे इमर्जन्सी. उलट्या थांबत नाहीत आणि श्वास जोरात चाललाय, तर रात्र काढू, सकाळी जाऊ, असं करायचं नाही.

आपल्याकडचा उकाडा, शाळा आणि गणपती

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 डिग्रीत, दाराच्या कप्प्यात. फ्रीझरच्या खाली मागच्या भिंतीला टेकवलेलं गोठतं, आणि एकदा गोठलेलं वितळलं तरी फेकायचंच. चालू पेन बाहेर ठेवता येतं, बहुतेक इन्सुलिनं 28 दिवस, डेग्लुडेक 8 आठवडे, पण 30 डिग्रीच्या खाली. एप्रिल-मेमध्ये ठाण्यात खोलीचं तापमान त्याच्या वर जातं, तेव्हा कोरड्या डब्यात घालून तो डबा मातीच्या माठात किंवा ओल्या मातीच्या भांड्यात ठेवला तरी पुरतं. 3 मिलीच्या कार्ट्रिजमध्ये 300 युनिट असतात आणि आपलं पोर दिवसाला बेसलचे चारच घेतं, म्हणजे 28 दिवस संपले तरी बरंच उरतं. जीव तुटतो टाकताना. तरी टाकायचं. उघडल्याची तारीख कार्ट्रिजवर चिकटवून ठेवा.

वापरलेल्या नीडल जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत, भरली की सील करून वेगळी. 2016 च्या घनकचरा नियमांत याला घरगुती घातक कचरा म्हटलं होतं, ओल्या-सुक्यात टाकला की कचरा वेचणाऱ्या ताईच्या हातात जातो.

शाळेला निदान कळल्यावर लगेच एक पानाचं पत्र द्या. लो झाल्यावर मूल कसं दिसतं, काय द्यायचं, कोणाला फोन करायचा, आणि वर्गातून एकटं पाठवायचं नाही, हे चार मुद्दे पुरे. बाईंच्या टेबलात ग्लुकोजचा डबा असू द्या, वर्गातल्या मावशींनाही दाखवून ठेवा, बऱ्याचदा पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात येतं. सीबीएसईने 2017 पासून बोर्डाच्या परीक्षेत टाइप वनच्या मुलांना साखरेच्या गोळ्या, फळ, सँडविच, पाणी जवळ ठेवायला परवानगी दिलीये, त्यामुळे शाळेने कुरकुर केली तर हे सांगता येतं. दुपारच्या डोसला कोण जाणार हा खरा प्रश्न आहे, छोट्या वर्गांना सुट्टी बाराच्या आत होते म्हणून बरं, पुढे मूल स्वतः शिकतं.

आणि गणपतीला कोकणात जाताना. गाडी कुठे किती तास अडकेल याचा भरवसा नाही, म्हणून इन्सुलिन डिकीत नाही, पायाशी नाही, मांडीवरच्या पिशवीत. ट्रेनने असाल तरी हातातल्या पिशवीतच. बर्फाच्या पॅकला थेट टेकवायचं नाही, मध्ये नॅपकिन. उन्हात गाडी लावून जेवायला उतरलात तर पिशवी सोबत न्यायची, बंद गाडी भट्टी होते. दोन्ही इन्सुलिनचं एक एक जादा पेन, मीटर दोन, स्ट्रिप दुप्पट, कीटोनच्या पट्ट्या, ग्लुकोज, लाडू नको बिस्किटं, आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये. गावच्या मेडिकलमध्ये बाटली मिळालीच तर ती 40 ची असण्याची शक्यता जास्त, म्हणून चार लाल टोपीच्या सिरिंज फक्त या प्रवासापुरत्या, वेगळ्या पाकिटात, वर मोठ्या अक्षरात "फक्त 40 च्या बाटलीसाठी" लिहून. मोदकाचं म्हणाल तर पहिल्या दिवशी एक मोदक काट्यावर ठेवून त्यातल्या पारीचा आणि गुळाचा हिशोब काढून घ्या, मग पुढचे दिवस काकूंना नाही म्हणावं लागत नाही.